दोघांत एक सायकल, आणि बावनथडीचा काठ

सुखदेव,

परवा तुझ्या घरी सगळे जमले होते. बुद्धवंदना झाली, मग लोक बोलायला उठले. तुझ्या ऑफिसातल्या एकांनी तुझ्या बदल्या कुठून कुठे झाल्या ते सांगितलं. शेजारच्या गुरुजींनी तुझा स्वभाव सांगितला. शेवटी मलाही उठवलं. मी 'अतिशय मनमिळाऊ' असं काहीतरी म्हणालो आणि खाली बसलो. बसल्याबरोबर तुझा आवाज कानात आला, "काय बे, मी मनमिळाऊ होतो काय? मले तर कोनी सांगतलं नाही."

तिथे तुझी बायको होती, तुझ्या मुली होत्या. त्यांच्यासमोर मला जे सांगायचं होतं ते सांगता आलं नाही. बावनथडीच्या काठाने आपण केलेल्या त्या सफरीबद्दल बोलायचं होतं. आजवर ती गोष्ट सांगायचास तू, आणि मी बाजूला बसून हसायचो. आता सांगणारा राहिला नाही आणि गोष्टीचा शेवट मला गेल्या आठवड्यात कळला. त्या शेवटापर्यंत मी येतोच. पण आधी थोडं सायकलीवर बसू दे.

तुला आठवत असेल, सुरुवात भूगोलाच्या नकाशापासून झाली. भंडाऱ्याच्या कॉलेजात आपण दुसऱ्या वर्षाला होतो. परदेशातल्या कुठल्या तरी खडकाळ उत्तर किनाऱ्यावर लोक सायकलींनी आणि पायी हिंडतात, असं चित्रांचं एक मासिक वाचनालयात आलं होतं. तू ते मासिक आठवडाभर बगलेत मारून फिरलास. मी म्हणालो, आपण मुंबईला जाऊन समुद्र पाहू. तू जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवलंस.

"कायले मुंबई? आपल्या जिल्ह्याले उत्तर किनारा नाही काय? हा पाह्य."

ती बावनथडी होती. जिल्ह्याच्या वरच्या कडेने वाहणारी, पलीकडे मध्य प्रदेश.

"ती नदी आहे," मी म्हणालो.

"मंग नदीले काय किनारा नसते? खडक हायेत, जंगल हाय, पल्याड दुसरा मुलूख हाय. अजून काय पाहिजे तुले, जहाज?"

यावर आपण पुढे कित्येक वर्षं भांडलो. मी म्हणायचो आपण नदीकाठाने फिरलो, तू म्हणायचास किनाऱ्याने. तुझ्या मुलींनाही तू किनाराच शिकवलास. परवा धाकटी म्हणाली, "काका, बाबा आणि तुम्ही किनाऱ्यावर गेले होते ना?" मी हो म्हणालो. हे भांडण तू जिंकलास, असं धर.

सुट्टी लागली आणि मी चिखल्याला तुझ्या घरी आलो. माझी सायकल आणता आली नाही, कारण घरी धानाची मळणी चालू होती आणि थोरल्या भावाने ती नेली होती. मी आल्या आल्या माफी मागायला लागलो. तू म्हणायचास, माधव चप्पल काढतानासुद्धा जमिनीची माफी मागतो. तेव्हा तुझे बाबा खाणीतून पाळी संपवून आले होते, खाटेवर बसून चहा पीत होते. ते म्हणाले, "दोघांत एक सायकल हाय ना, मंग कायची चिंता? मी अन् माहा भाऊ आठ वर्सं असेच खाणीत गेलो."

आणि त्यांनी ती रीत समजावली. क्वार्टर मिळण्याआधी ते गावाहून खाणीवर यायचे. डबलसीट बसलं तर चढावर दोघांनाही उतरावं लागे. म्हणून एकजण सायकलने पुढे जायचा, ठरल्या अंतरावर झाडाला सायकल टेकवून चालायला लागायचा. मागचा चालत येऊन ती सायकल घ्यायचा, पहिल्याला मागे टाकून पुढे जायचा आणि पुन्हा कुठल्या तरी झाडाला टेकवायचा. दोघेही निम्मे चालले, निम्मे बसले, आणि दोघेही वेळेवर पोचले.

"अन् चोरी गेली तर?" मी विचारलं.

"आठ वर्सांत नाही गेली. तुमी लोक लय शिकले म्हनून भेव वाटते," ते म्हणाले आणि त्यांनी आपल्याला ती काळी, जड, दोन दांड्यांची सायकल दिली. टेकवलेली सायकल दिसावी म्हणून हँडलला लाल दुपट्टा बांधला.

सुखदेव, त्या सकाळचा उत्साह मला आजही अंगात जाणवतो. थंडी अशी होती की हँडल धरवत नव्हतं. तू पहिला टप्पा घेतलास आणि धुक्यात शिट्टी वाजवत नाहीसा झालास. मी मागून जवळजवळ पळतच निघालो, चालायचं होतं तरी. लाखोरीच्या शेतांतून वाट होती, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. मग झाडी सुरू झाली आणि एका वळणावर सागाला टेकलेली ती सायकल लाल दुपट्ट्यासकट माझी वाट पाहत उभी दिसली. दुसऱ्याने आपल्यासाठी काहीतरी ठेवून पुढे जावं आणि ते आपल्याला मिळावं, यात किती मजा आहे हे मला पहिल्यांदा कळलं. दर टप्प्याला कळलं. एकदा माकडांच्या टोळीने सीटचं कव्हर फाडून कापूस काढलेला होता आणि एक वानर दांडीवर बसून घंटी चाटत होतं. तुला हे सांगितलं तेव्हा तुला ते पटलंच नाही. फाटकं सीट दाखवलं तरी म्हणालास, "तुह्या वजनानं फाटलं."

पुढे वाट संपली आणि खडक लागले. काळे, गुळगुळीत, बैल बसल्यासारखे. त्यांच्यामधून हिरवं पाणी चिंचोळं होऊन धावत होतं. तिथे टप्पे वगैरे संपले. एकाने पुढचं चाक आणि एकाने मागचं धरून आपण सायकल खांद्यावरून नेली. मी दोनदा घसरलो. तू प्रत्येक वेळी आधी सायकल सांभाळलीस आणि मग मला. टेकडीवर चढून गेलो तेव्हा खाली नदीचं अख्खं वळण दिसलं, पलीकडचे डोंगर एकामागे एक निळे होत गेलेले. तू हात पसरून मोठ्याने ओरडलास, पलीकडच्या डोंगराने ते परत पाठवलं. "पाह्य," तू म्हणालास, "मध्य प्रदेशानं उत्तर देल्लं."

या एका-सायकलीच्या रीतीत एक गंमत होती आणि ती पहिली तुझ्या लक्षात आली. कुठल्याही गावात आपण एकत्र पोचत नव्हतो. पुढचा आधी जायचा, पाणी प्यायचा आणि मागून कोण येतोय ते सांगून पुढे निघायचा. मागच्याला मात्र आपण कोण आहोत ते त्या गावात गेल्यावर कळायचं.

पहिल्याच गावात माझ्यापुढे एक बैल आणून उभा केला. एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "डाक्टरसाहेब, दोन रोजपासून खाऊन नाही राहिला. तुमचा कंपौंडर म्हनला, साहेब मांगून पायी येऊन राहिले, त्यायले चालाचा शौक हाय."

नाही म्हणायचं मला सुचलं नाही. मी बैलाचं तोंड उघडून आत पाहिलं, कान धरून पाहिले आणि म्हणालो, याला आराम द्या आणि कोमट पाणी पाजा. म्हातारा बायकोकडे वळून म्हणाला, "मी हेच सांगून राहिलो होतो." मला त्यांनी दूध दिलं. ते दूध पिताना मला इतकं अपराधी वाटलं की परतीच्या वाटेवर त्या बैलाची चौकशी करायला मी तुला ओढत नेलं. बैल चरत होता. त्या गावात मी आजही डॉक्टर असेन.

मी सूड घेतला. पुढच्या गावात सांगितलं की मागून येतोय तो दंडारीच्या खेळातला नावाजलेला गाणारा आहे, लाजतो, पण आग्रह केला की गातो. तुझा आवाज काय होता ते मी सांगायला नको. तुला त्यांनी पारावर बसवलं, डफ आणला. मी पुढच्या झाडाखाली वाट पाहत बसलो होतो. तू आलास तो हातात पोपटवालाच्या शेंगांची पिशवी घेऊन.

"काय गायलास?"

"हायड्रोजन, हेलियम, लिथियम. दंडारीच्या चालीवर. एक बाई रडली."

आपण त्या झाडाखाली पोट धरून हसलो. इतकं हसू पुन्हा कधी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुढे होतो. एका गावात विहिरीवर पाणी मागितलं. माझं आडनाव विचारलं, मी बांते सांगितलं. ओसरीवरून एकाने विचारलं, "अन् मांगून कोन येऊन राह्यला?"

मी म्हणालो, "माझा भाऊ. बांतेच."

पटकन म्हणालो. मला वाटलं, तुला पाणी नीट मिळेल. एवढंच डोक्यात होतं. तू आलास, तुला 'बांते, या' म्हणून बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला. तू तो खाल्लास. मग खडकांशी मला गाठलंस, सायकलवरून उतरलास आणि तिथेच बसलास.

"माहं नाव लंबं हाय काय? तुह्या तोंडात मावत नव्हतं?"

"अरे, भाऊ म्हटलं तुला. त्यात काय वाईट?"

"भाऊ म्हन ना. रामटेके भाऊ म्हन. भाऊ म्हनाले तुले माहं आडनाव खोडा लागते काय?"

मी माफी मागायला लागलो. तू हात वर केलास. "माफी नको मांगू बे, तुही माफी लय सस्ती हाय." मग एकदम तुझा चेहरा उजळला. तो चेहरा मला ओळखीचा होता, बैलाची खोडी करायला निघतानाचा चेहरा होता. "आता मी पुढं जातो," तू म्हणालास आणि पेडल मारलंस.

दुपारी मी एका गावाच्या कडेच्या वस्तीत पोचलो. निळा झेंडा, सारवलेली अंगणं, एका छपरीत बुद्धाची तसबीर. एक म्हातारी वाटेवरच उभी होती. "आले काय रामटेके? तुमच्या भावानं सांगतलं, थकून येईन म्हनून. या बापू, पाय धुवा."

मी थांबलो. खरं नाव सांगायला एक क्षण पुरला असता. तिने तांब्या पुढे केला होता. मी म्हणालो, "हो, मी रामटेके."

"कोनते रामटेके? चिखल्याचे?"

"चिखल्याचे."

"मंग घरचेच झाले," ती म्हणाली.

नवा तांदूळ होता, वांग्यात घातलेले नदीतले झिंगे होते, चुलीवरून थेट पानात. तिने मला तीनदा भात वाढला. शेजारच्या घरातून कोणी चटणी आणली, कोणी फक्त पाहायला आलं. कॉलेजात जाणारी आपली मुलं म्हणून ते आपल्याकडे पाहत होते, आणि त्या 'आपल्या'त मी होतो. या वेळी तू पुढे निघून गेला नव्हतास; समोर जेवायला बसून माझ्याकडे पाहत होतास, हसत नव्हतास. मी पाटावरून उठलो तेव्हा मला वाटत होतं की मी आता कुठेही जाऊ शकतो, काहीही बोलू शकतो. वस्तीबाहेर आल्यावर मी तुला म्हणालो, "आजपासून मी दोन्ही आहे." तू पाठीवर थाप मारलीस. "पाहू," म्हणालास.

पाहायला वेळ लागला नाही. पुढचं गाव माझ्या मावशीचं होतं. सायकल तुझ्याकडे होती. मी पोचलो तेव्हा तू ओट्यावर पाय सोडून बसला होतास आणि मावशी आत चुलीशी होती. मावसाजी खाटेवर होते. मावसाजींना तू पुढेही दोन-तीनदा भेटलास, त्यांचा दरारा तुला माहीत आहे. गावातल्या कुणाच्या घरी कोण जेवलं हे त्यांना कळल्याशिवाय राहत नसे.

त्यांनी विचारलं, "जेवन कोठी झालं, माधव?"

मी म्हणालो, "कुठेच नाही मावसाजी. सकाळपासून उपाशी आहे."

सुखदेव, ते शब्द माझ्या तोंडातून कसे बाहेर पडले ते मला आजही कळत नाही. हाताला झिंग्यांचा वास होता. अर्ध्या तासापूर्वी मी दोन्ही होतो.

मावशीने पानं वाढली, आत चुलीजवळ, दोघांची शेजारी शेजारी. तुझं आडनाव तिने विचारलं नाही आणि मी मनात देवाचे आभार मानले. भात, डाळ, भाजी, वर पोळ्या. तू जेमतेम चार घास घेतलेस, पोट बरं नाही म्हणालास. आणि मग गोड आवाजात सुरू झालास.

"मावशी, माधवले वाढा. सकाळपासून उपाशी हाय बिचारा."

मावशी वाढत गेली. मी गिळत गेलो. "अजून एक पोळी द्या त्याले. तो लाजते."

"हो रे बापू, लाजू नको," मावशी म्हणाली आणि तिने तूप ओतलं.

गावाबाहेर पडल्यावर मी सायकलवर बसू शकलो नाही. चालूही शकलो नाही. नदीकाठच्या एका खडकावर उताणा पडून राहिलो आणि तू माझ्या शेजारी बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास. मीही हसलो, हसताना पोट दुखत होतं. त्यानंतर ती 'माधवची दोन जेवणं' झाली. माझ्या लग्नात सांगितलीस, तुझ्या घरभरणीला सांगितलीस, तुमसरच्या स्टेशनवर अनोळखी माणसांना सांगितलीस. लोक हसत. गोष्ट संपली की तू थोडा वेळ थांबायचास आणि माझ्याकडे पाहायचास. मी म्हणायचो, "काय खोटं बोलतो हा," आणि विषय बदलायचो. मला वाटायचं, तू माझ्या हसण्याची वाट पाहतोयस.

पुढची सफर दक्षिणेला, वैनगंगेच्या काठाने लाखांदूरकडे करायची ठरली होती. दर हिवाळ्यात ठरायची. कधी तुझी बदली आडवी आली, बहुतेक वेळा मीच आडवा आलो. नोकरी, शेत, मुलांच्या परीक्षा. तुझ्या आजारपणातही तू म्हणालास, "सायकल तेल घालून ठेवली हाय." मी म्हणालो, आधी बरा हो. तिथेही मी तुला थांबायलाच सांगितलं.

आता शेवट सांगतो. तू गेल्यानंतर चार-पाच दिवसांनी मावशीकडे गेलो. मावसाजी जाऊन बरीच वर्षं झाली. ती ओट्यावर पोपटाच्या शेंगा सोलत बसली होती. मी म्हणालो, "मावशी, माझा मित्र वारला. सायकलवर आला होता माझ्यासोबत, तुला आठवत नसेल."

"रामटेके?" ती म्हणाली.

मला कळेना.

"चिखल्याचा रामटेके ना? लय गुनाचा पोरगा होता."

"तुला त्याचं आडनाव कुणी सांगितलं?"

"कोन सांगन? त्यानंच. तुह्या आधी आला ना तो. दारात उभा राह्यला अन् म्हनला, मावशी, मी सुखदेव रामटेके, माधवचा दोस्त. आमी दोघं आमच्या लोकायच्या इथं जेवून आलो, माधव पोटभर जेवला. तुमच्या घरात येऊ काय नाही येऊ, तुमी सांगा."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हनू? म्हनलं, ये. तुहे मावसाजी तवा घरी नव्हते, त्यायले मी रात्री सांगतलं. आठ रोज बोलले नाही माह्यासंग. मंग भूक लागली, बोलले."

ती हसली. मी तिच्याजवळ खाली बसलो. मग विचारलं, "मग मला वाढत काय राहिलीस? तुला माहीत होतं ना मी जेवून आलो आहे."

"त्यानं सांगून ठेवलं होतं. म्हनला, मावशी, तो आला की त्याले इचारू नका, काही बोलू नका. तो सोताहून सांगन." तिने शेंग सोलून दाणे सुपात टाकले. "मले वाटलं, दुसऱ्या पोळीले सांगशीन. मंग वाटलं, जाताना सांगशीन."

तर असं आहे, सुखदेव. ती गोष्ट तू इतक्या ठिकाणी सांगितलीस आणि एवढा भाग कधीच सांगितला नाहीस. तुला माझी फजिती हवी होती की तू माझ्यावर पैज लावली होतीस, हे मी आता कुणाला विचारू? तुझ्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, "ते म्हनत, माधवची गोष्ट अजून पुरी व्हायची हाय." मी रागावलो तुझ्यावर, खरंच रागावलो. एक शब्द बोलला असतास तर मी मोकळा झालो असतो. मग वाटलं, तू तो शब्द माझ्यासाठी ठेवून दिला होतास आणि मी प्रत्येक वेळी त्याच्यापुढून निघून गेलो.

त्या दिवशी ओट्यावर मावशीची सून होती, शेजारचे दोघे धानाचा भाव बोलत बसले होते. मी त्यांच्यासमोर म्हणालो, "मावशी, त्या दिवशी मी उपाशी नव्हतो. सुखदेव रामटेकेच्या माणसांकडे जेवलो होतो. नवा भात होता, वांगे-झिंगे होते, मी तीनदा घेतलं. मी तुमच्याशी खोटं बोललो."

शेजाऱ्यांनी वर पाहिलं आणि ते पुन्हा धानाच्या भावाकडे वळले. मावशी पुढची शेंग उचलून माझ्याकडे पाहत होती, अजून काही आहे का म्हणून.

"येवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच," मी म्हणालो.

तुझा,
माधव